मलप्पाच्या दुकानातली साडी

लातूर
२४ नोव्हेंबर १९८२

शिवगंगा,

नमस्कार लिहीत नाही. जिनं माझा भाऊ माझ्या दारातून ओढून नेला तिला कसला नमस्कार?

मी गुरुबसप्पाची थोरली बहीण, जगदेवी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. माझ्या कडेवर वाढला. लातूर जिल्हा झाला, बदली होऊन घरी आला, आता माझ्याच घरात राहतो. तुला हे माहीत असेलच. तुला सगळंच माहीत असतं म्हणे, पुस्तकं वाचतेस.

भाऊबिजेला मी पाट मांडून, निरांजन लावून दुपार होईपर्यंत बसले. आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तरी त्याच्या अंघोळीला एक घागर वेगळी काढून ठेवली होती. साहेब पहाटेच्या एसटीनं बिलोलीला गेलेले. रिकाम्या हातानं नाही गेले. मलप्पाच्या दुकानातून साडी घेऊन गेले. मलप्पानं भर बाजारात मला विचारलं, "अक्का, गुरूनं मोरपंखी साडी नेली, तांबड्या काठाची. कुणाला म्हणून इचारलं तर नुसता हसला. उडकीचं जेवण कधी देता?"

तू आपल्यातलीच आहेस, तुला सांगायला नको. तरी सांगते. परक्या पुरुषानं विधवेला कोरी साडी दिली आणि तिनं ती नेसली, की आपल्यात ती उडकी. तिचा पाट लागला. पण त्यालाही रीत आहे. मंत्र म्हणायला जंगम लागतो, चार माणसं लागतात. तुम्ही लपून उरकलंत. आता म्हणशील भाऊबीज होती. स्वतःच्या बहिणीचं निरांजन सोडून जाणारा पुरुष दुसऱ्या बहिणीकडं जात नसतो.

उदगीरची मुलगी ठरत आली होती. एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. उन्हाळ्यात लग्न धरणार होतो. मलप्पाची जीभ उदगीरला पोचली आणि त्यांनी "थांबा" म्हणून कळवलं. आधीची चार स्थळं त्यानं का मोडली तेही आता कळलं.

साडी परत पाठव. नाहीतर हिंमत असेल तर ती नेसून माझ्या दारात, चार माणसांसमोर येऊन उभी राहा.

जगदेवी


बिलोली
१ डिसेंबर १९८२

जगदेवीअक्का,

शरणार्थ. तुम्ही नमस्कार लिहिला नाहीत म्हणून मीही लिहू नये असं नाही.

मी एकेचाळीस वर्षांची आहे. इथं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. चौतीस मुली, दोन वेळा. माझे मालक महादेवप्पा जिनिंगमध्ये फिटर होते. ते जाऊन पाच वर्षं झाली. गुरुबसप्पा तेव्हा इथल्या तहसिलीत कारकून, त्यांचा दोस्त. ते गेल्यावर बाकीचे दोस्त मला बघून रस्ता बदलायचे. हा एकटा येत राहिला. मी शाळेत गेलेली नाही, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. पुढं पुस्तकं यानं आणून दिली. दार उघडं ठेवून बसायचा, पुस्तक द्यायचा, आधीचं घेऊन जायचा. त्यात मला लाज वाटण्यासारखं काही सापडत नाही.

साडी भाऊबिजेचीच आहे. मी ओवाळलं, त्यानं ताटात ठेवली. तो तुमचं निरांजन सोडून आला हे मला ठाऊक नव्हतं. असतं तर उंबऱ्यावरूनच परत लावून दिला असता. तो राग खरा आहे, तेवढा मी घेते. बाकीचा घेत नाही.

साडी परत पाठवणार नाही. ती तुमची नाही.

स्थळं का मोडतो ते त्याला विचारा. एका चुलीवरचं खाता आणि शंभर मैलांवरच्या बाईला विचारता?

शिवगंगा


बिलोली
१ डिसेंबर १९८२

गुरू,

तुझ्या अक्काचं पत्र आलं. तिचं पत्र पाठवत नाही, तुझ्यानं ते वाचवणार नाही. सार एवढंच की मी तुझी बायको झाले आहे आणि मलाच त्याचा पत्ता नाही.

तुझ्या बदलीचा कागद आला तो ऑगस्टातला दिवस आठव. पाऊस नव्हता. मी म्हणाले, नव्या जिल्ह्यात चाललास, आता अक्का तुला बोहल्यावर चढवल्याशिवाय सोडत नाही. तू शेंगा फोडत होतास. हात थांबला.

"वहिनी, मला बायको नको."

"मग काय, मठात जाऊन बसतूस?"

"न्हाई. माझं मन बायकांकडं जातच न्हाई. पुरुषाकडं जातं. कळायला लागल्यापासून. आज पहिल्यांदा तोंडानं बोलून राहिलो."

मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेल. "शेंगा फोड. पोरींची चटणी व्हायची हाय." तू रडत होतास आणि हसलास. मग मी विचारू नये ते विचारलं, याला काही औषध असतं का. तू म्हणालास, "मी डावरा हाय. अक्कानं लई चटके दिले. हात बदलला का?"

दोन दिवस मला कसंनुसं होत होतं, तेही आज सांगून टाकते. तिसऱ्या दिवशी चटणी कुटताना वाटलं, हा तर कालचाच माणूस आहे. माझ्या मालकांच्या तिरडीला खांदा देणारा. तू जेवायला आलास आणि मला पहिल्यांदा शिवाक्का म्हणालास.

अक्काला मी काही कळवलेलं नाही, कळवणार नाही. ते तुझं आहे. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, तू ठरव. पण दोन गोष्टी मला कळत नाहीत. तिचं निरांजन सोडून का आलास? आणि साडी मलप्पाकडूनच का घेतलीस? बस नांदेडवरून येते. नांदेडात दुकानं नव्हती का?

शिवाक्का


लातूर
१२ डिसेंबर १९८२

शिवाक्का,

तुला खोटं लिहिता येत नाही. मुद्दाम घेतली मलप्पाकडून.

त्याचं तोंड म्हणजे दवंडी, हे गंजगोलाईच्या सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. भाऊबिजेचा दिवसही मुद्दाम धरला, म्हणजे अक्काला ते लागेल. उदगीरची मुलगी मी बघून आलो होतो. मी तिला काय देणार होतो? आणि "नको" म्हणायला कारण लागतं. वाटलं, माझं कुठंतरी एका बाईवर मन आहे असं घरात पसरलं तर वर्षभर तरी सुटका. बाई आहे म्हटलं की लोक शिव्या देतात, पण त्यांना ते कळतं. दुसरं कळलं तर काय होईल? मी इथं टंचाईच्या शाखेत बसतो. गावोगावची माणसं टँकर मागायला येतात, भांडतात, टेबलावर हात आपटतात. ती माझ्या हातचा कागद तरी घेतील का?

अक्कानं विचारलं, "बिलोलीचीच ना?" मी मान खाली घातली. हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

तू लांब आहेस. तिथं तुला कोण काय करणार? थोडे दिवस सोस माझ्यासाठी.

तुझा
गुरू


लातूर
२ जानेवारी १९८३

शिवगंगा,

मी हरले असं समज आणि खूश हो.

गुरूला समोर बसवून विचारलं. मान खाली. पुरुषानं मान खाली घातली की बहिणीनं काय समजायचं ते समजले. आमचे मालक गुंडप्पा मठात जाऊन स्वामींना विचारून आले. संक्रांत झाली की रीतसर उडकी लावून टाकू. विधवा तर विधवा, सात वर्षांनी मोठी तर मोठी. आपल्यातली आहे आणि बाई आहे, एवढ्यावर समाधान मानायची वेळ आली माझ्यावर.

येताना पुस्तकं आणू नकोस. आमच्या घरात बाई दुपारी निवडण-टिपण करते. पहिल्या नवऱ्याचा फोटोही आणू नकोस. एका घरात दोन नवरे नांदत नाहीत. आणि "भाऊबिजेची साडी" हे पुन्हा लिहू नकोस, वाचून पित्त खवळतं.

आली नाहीस तर तुझ्या संस्थेला लिहीन. चौतीस मुली तुझ्या हातचं खातात. त्यांच्या आईबापांना कळू दे, वाढणारी कोण आहे. पंधरा दिवस देते.

जगदेवी


बिलोली
१० जानेवारी १९८३

गुरुबसप्पा,

तुमचं पत्र मिळालं, मागोमाग तुमच्या बहिणीचंही मिळालं. त्यांनी माझी उडकी ठरवली आहे. तुमची मान खाली गेली त्याचं हे फळ.

"तिथं तुला कोण काय करणार" हे मी तीनदा वाचलं. एकट्या बाईला काय करता येतं ते तुम्हाला ठाऊक नाही? मग पाच वर्षं माझ्याकडं येताना दार उघडं ठेवून का बसायचात?

तुम्ही मनातलं मला सांगितलंत. मला त्याचं मोठेपण वाटलं होतं. घरात चार पुस्तकं वाचून माझ्यात एवढं तरी आलं, की एका माणसाला माझ्यासमोर खरं बोलता आलं. आणि तुम्ही मला शेताच्या कडेला टाकायच्या बोरीच्या काट्यासारखं नेऊन टाकलंत. काट्याला कुणी विचारत नाही, हेही खरंच.

महादेवप्पांना जाऊन पाच वर्षं झाली, तरी माझा हात दोन भाकरी जास्तीच्या थापतो. सांगून ऐकत नाही. त्या माणसाच्या जागी मी खोट्यासाठीसुद्धा कुणाला बसवणार नाही. तुम्हालाही नाही.

अक्काला मी तुमचं सांगणार नाही. काम गेलं तरी नाही. हे तुमच्यावर उपकार म्हणून नाही. माझ्या घरात येऊन कुणी सांगितलेलं मी बाहेर नेत नाही, एवढंच. तुम्ही मात्र एक करा. सगळं सांगू नका, वाटलं तर जन्मभर सांगू नका. फक्त एवढं सांगा की ती साडी बहिणीची होती. तेवढं तरी खरं आहे ना? की तेही नव्हतं?

ते होत नसेल तर मला शिवाक्का लिहू नका.

शिवगंगा


बिलोली
१० जानेवारी १९८३

जगदेवीअक्का,

शरणार्थ. उडकीला येणार नाही. संस्थेला लिहायचं ते खुशाल लिहा. अक्षर मोठं काढा, सेक्रेटरींना चष्मा लागला आहे.

शिवगंगा


कन्या वसतिगृह, बिलोली
८ फेब्रुवारी १९८३

श्रीमती शिवगंगाबाई यांस,

आपल्या वर्तनाविषयी लातूर येथून लेखी तक्रार आली आहे. आपणास खुलाशाची संधी दिली असता "साडी भावाने दिली" याखेरीज आपण काही सांगितले नाही. सदर इसम आपला सख्खा, चुलत अथवा मावसभाऊ नसल्याचे आपणच मान्य केले. पालकांमध्ये चर्चा सुरू झाल्याने मुलींच्या हिताच्या दृष्टीने आपले काम आजपासून बंद करण्यात येत आहे. खोली तीन दिवसांत रिकामी करावी.

शेषेराव
सेक्रेटरी


लातूर
१४ मार्च १९८३

शिवाक्का,

असं लिहायला तू मनाई केली होतीस. आता तो हक्क मिळवला की नाही ते वाचून ठरव.

वसतिगृहाच्या पत्त्यावर टाकलेलं माझं पत्र परत आलं. वर लाल शाईनं लिहिलेलं, "सदर बाई येथे नाहीत." तहसिलीतल्या जुन्या माणसाला विचारलं. त्यानं सांगितलं, तुला काढलं, कुणा चांगुणाबाईच्या पडवीत राहतेस, तलावाच्या कामावर माती वाहतेस.

जेवायला बसलो होतो. अक्काला विचारलं, "तू लिहिलंस का?" ती म्हणाली, "मग काय भितेय का कुणाला? मीच लिहिलं. आता तरी ती रांड तुला सोडंल." घास हातात होता. मी म्हणालो, "अक्का, ती साडी बहिणीची होती." तू सांगितलंस तेवढंच म्हणायचं होतं. पण मग थांबता आलं नाही. सगळं बोललो. मलप्पाकडून साडी का घेतली तेही.

अक्कानं माझ्यापुढचं ताट उचललं.

मी हात धुतले आणि निघालो. कचेरीजवळ एक खोली घेतली आहे. साडी बहिणीचीच होती, शिवाक्का. ते खरं होतं म्हणूनच ती तशी वापरताना लाज वाटली. लाज वाटली आणि तरी वापरली.

गुरू


लातूर
२० मार्च १९८३

शिवगंगा,

गुरू बोलला. तुला कळवलं असेलच त्यानं.

तुला ऑगस्टपासून माहीत होतं. मी तुला नाही नाही ते लिहिलं. एका ओळीत माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. का नाही केलंस? तिथं बसून हसत होतीस? की तुझ्या पुस्तकात असं काही लिहिलेलं असतं, की अडाणी बायकांना बोलू द्यावं आणि मजा बघावी?

मालक म्हणतात देवाचं काही राहिलं असेल, कुणाला तरी दाखवू. मलप्पानं परवा विचारलं, "उडकीचं काय झालं?" मी म्हणाले मोडली. तो म्हणाला, "बाईनं फसवलं व्हय?" मी हो म्हणाले. म्हणजे अजून तुझंच नाव पुढं करून राहिलेय मी. आणि थांबवत नाही. थांबवलं तर त्याच्या नावावर येतं.

लहानपणी डाव्या हातानं जेवायचा. मी उलथनं तापवून चटके दिले. आठ दिवसांत उजव्यानं खायला लागला. वाटलं, सुधारला. परवा त्याच्या कचेरीवरून गेले. खिडकीतून बघितलं तर डाव्या हातानं लिहीत होता. इतकी वर्षं माझ्या घरात पेन्सिलसुद्धा डाव्या हातात धरली नाही त्यानं.

संस्थेला लिहिलेलं परत घेणार नाही. कोणत्या तोंडानं घेऊ?

तू त्याला काय खायला घालत होतीस गं, की तो तुला सांगतो आणि मला सांगत नाही?

जगदेवी


बिलोली
२ एप्रिल १९८३

जगदेवीअक्का,

शरणार्थ.

हसत नव्हते. आधी चौतीस मुलींच्या भाकऱ्या करत होते, आता पाट्या उचलते. हसायला सवड नाही. तलावात पाणी नाही म्हणून तलाव खोल करायचं काम निघालं आहे. दुपारी बायका भाकरी सोडतात तेव्हा मी त्यांना वाचून दाखवते. कालच एकजण म्हणाली, "तुला काढलं ते बरंच झालं बाई, आमची करमणूक झाली." तुमच्यावर माझा राग नाही असं मात्र समजू नका. आहे. पाटी उचलताना रोज कंबर आठवण करून देते.

मी एका ओळीत तुमचं तोंड बंद केलं असतं तर तो कुठं गेला असता? तुम्ही त्याला घरात ठेवलं नसतं. ते त्यानं स्वतः सांगितलं तरी तुम्ही ताट उचललंत. माझ्याकडून कळलं असतं तर चूलच विझवली असती.

काय खायला घालत होते म्हणून विचारलंत. शेंगांची चटणी आणि भाकरी. त्यात काही कालवलेलं नव्हतं. तो बोलला तेव्हा ताट पुढं राहू दिलं, एवढंच.

त्याला कुणाला दाखवू नका. अंगारे, नवस, वैद्य, काही नको. उलथन्यानं काय झालं ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे.

मी त्याला अजून माफ केलेलं नाही, हेही तुम्हाला सांगते. त्यानं मला विचारायला हवं होतं. पण माफ केलं नाही म्हणून माणूस उपाशी ठेवावा असं थोडंच आहे?

आता माझ्या येण्याचं. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की हिंमत असेल तर ती साडी नेसून दारात चार माणसांसमोर ये. मी येते. बुधवारी, वीस तारखेला. मोरपंखी साडी नेसून येते. चार माणसं तुम्ही बोलवा. मलप्पाला विसरू नका. गुरूला निरोप धाडा की जेवायला ये. पाट मांडा. आधी तुम्ही ओवाळा, तुमचं निरांजन नोव्हेंबरपासून अडून बसलं आहे. तुमच्यामागून मी ओवाळते, सगळ्यांच्या देखत. एकदा चारचौघांत ओवाळलेल्या भावाशी उडकी लागत नाही, हे आपल्यात मलप्पालाही कळतं. माझं नाव सुटेल आणि त्याच्या नावावर काही येणार नाही.

पुढं लोक विचारतील, मग लग्न का करत नाही. तेव्हा म्हणा, त्याला करायचं नाही. मी तेवढंच म्हणते. पुरतं.

तुमच्याकडं पाण्याचे हाल आहेत. माझं पाणी मी कळशीला फडकं बांधून आणीन. तुमच्या घागरीला हात लावणार नाही.

शिवगंगा


(पोस्टकार्ड)
लातूर
९ एप्रिल १९८३

शिवगंगाबाई यांस,

नमस्कार.

बुधवारी येऊ नका. टँकर गुरुवारी येतो. शुक्रवारी या.

पाणी आणू नका. पाहुणीनं पाणी घेऊन यावं इतकी वेळ आमच्यावर आलेली नाही. मलप्पाला सांगितलं आहे. गुरूलाही निरोप दिला आहे.

मी तुमच्याशी बोलणार नाही, ते धरून चाला. शेंगांची चटणी आणा.

जगदेवी